मलेरियाच्या औषधांनी रॅट-माईसच्या रक्तावर काय होतं ते कसं तपासायचं

मलेरियाच्या औषधावर अॅनिमल स्टडी म्हटली की मुलं आधी पॅरासायटेमियाच्या मागे लागतात, किती टक्के पेशींत परजीवी राहिले, किती माईस जगले, आणि रक्ताचं म्हणाल तर शेवटच्या दिवशी एक सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) काढायची आणि टेबलात टाकून मोकळं व्हायचं. फार्मकॉलॉजी शिकवते त्यामुळे दरवर्षी हेच बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण त्या एका सीबीसीसाठी एवढे जीव गेलेले असतात आणि त्यातून कळत काहीच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांच्याकडे लॅब आहे, परवानगी आहे, गाईड आहे पण रक्तात नेमकं काय आणि कुठल्या दिवशी बघायचं हे कुणी बसून सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच वहीत एक गोष्ट लिहून काढा. आपलं औषध रक्तपेशीला कुठे गाठतं, शिरेतून फिरणाऱ्या तयार पेशीला की बोन मॅरोत घडत असलेल्या कच्च्या पेशीला? पुढचं सगळं, म्हणजे कुठल्या दिवशी रक्त काढायचं, कुठला स्टेन लावायचा, किती दिवस थांबायचं, हे यावरूनच ठरतं. दोन्हीकडे हिमोग्लोबिन कमीच होणार, त्यामुळे नुसता एचबीचा आकडा बघून औषधाने काय केलं ते सांगता येत नाही. ते सांगते रेटिक्युलोसाईट, म्हणजे नुकती मॅरोतून बाहेर पडलेली कोवळी तांबडी पेशी. एचबी उतरलंय आणि दोनचार दिवसांत रेटिक वर गेलेत तर पेशी बाहेर फुटतायत किंवा रक्तस्राव होतोय आणि मॅरो भरपाई करतोय. एचबी उतरलंय आणि रेटिकही खाली, तर मॅरोच दबलाय.

आता औषधं एकेक घेऊ. आपल्या गोव्यात सगळ्यात जवळचं प्रायमाक्वीन. इथे मलेरिया म्हणजे बहुतेक करून व्हायवॅक्स या परजीवीचा, बांधकामाच्या साईटवरच्या साठलेल्या पाण्यात अॅनोफिलीस स्टीफेन्साय हा डास वाढतो आणि तिथल्या कामगारांना आधी ताप येतो, हे पणजी-कळंगुट पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको. व्हायवॅक्स लिव्हरमध्ये दडून बसतो म्हणून दर किलोला 0.25 मिलिग्रॅम प्रायमाक्वीन 14 दिवस. हे औषध आणि त्याचा नवा भाऊ टॅफेनोक्वीन, दोन्ही 8-अमिनोक्विनोलीन. लिव्हरमध्ये यांचे जे मेटाबोलाईट बनतात ते तांबड्या पेशीवर ऑक्सिडेशनचा मारा करतात. हिमोग्लोबिनमधलं लोह फेरसचं फेरिक होतं, ते झालं मेटहिमोग्लोबिन, ते ऑक्सिजन धरत नाही. आणि बिघडलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या आतल्या कडेला चिकटतं, त्या हाईन्झ बॉडी. अशी पेशी प्लीहेतून जाताना पकडली जाते आणि संपते. म्हणजे हा मार शिरेतल्या पेशीला.

डॅप्सोनचंही तसंच, त्याचा हायड्रॉक्सिलअमिन मेटाबोलाईट हेच काम करतो. क्लोरप्रोग्वानिल-डॅप्सोन ही जोडगोळी आफ्रिकेत मलेरियासाठी आली होती आणि 2008 मध्ये मागे घ्यावी लागली, कारण जी6पीडी, म्हणजे तांबड्या पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं एन्झाईम, कमी असलेल्या पेशंटमध्ये रक्त फुटत होतं. रॅटमध्ये डॅप्सोन वापरणार असाल तर नर आणि मादी वेगळे ठेवा, नर रॅटचं लिव्हर हा मेटाबोलाईट जास्त बनवतं, त्यामुळे मेटहिमोग्लोबिन नरांत ठळक दिसतं आणि माद्यांत फारसं काही दिसतच नाही. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली की खरा परिणाम अर्धा झाकला जातो.

आर्टेमिसिनिनची पोरं, म्हणजे आर्टेसुनेट, आर्टेमेथर वगैरे, यांचा रोख उलट बाजूला आहे. ही मॅरोतल्या घडत्या तांबड्या पेशींना दाबतात, रॅट आणि कुत्र्यांत रेटिक्युलोसाईट खाली येतात आणि औषध थांबवलं की परत चढतात. गाभण रॅटमध्ये तर हे फारच गंभीर, साधारण 10 ते 14 व्या दिवसाच्या खिडकीत दिलं तर गर्भातल्या सुरुवातीच्या एरिथ्रोब्लास्ट, म्हणजे तांबड्या पेशी घडवणाऱ्या कच्च्या पेशी, मरतात आणि त्यापाठोपाठ गर्भही. म्हणून आर्टेसुनेटच्या स्टडीत माद्या गाभण नाहीत याची खात्री आधी करा. पायरिमेथामिन फोलेटच्या वाटेत आडवं येतं, तिथे मॅरो, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच बघावं लागतं, आणि खाद्यात फोलिक अॅसिड किती आहे ते कंपनीच्या लेबलवरून लिहून ठेवा कारण फोलेट भरपूर असलं तर परिणाम सौम्य दिसू शकतो. क्लोरोक्वीनचं नेहमीच्या डोसला रक्तात फार काही मिळत नाही. क्विनीनने माणसांत प्लेटलेट एकदम पडतात, अमोडियाक्वीनने पांढऱ्या पेशी, पण या प्रतिक्रिया हजारोंत एखाद्याला होणाऱ्या, पाच-सहा धडधाकट रॅटच्या ग्रुपमध्ये त्या शोधायला जाऊ नका आणि दिसल्या नाहीत म्हणून औषध सुरक्षित असंही लिहू नका.

ग्रुप कसे पाडायचे. यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. बर्घाय हा उंदरांतल्या मलेरियाचा परजीवी टोचलेल्या माईसला औषध दिलं, रक्त कमी झालं, झालं काम, औषधाने अॅनिमिया. असं नसतं हो. प्लाझ्मोडियम बर्घाय स्वतःच पेशी फोडतो, आणि त्याला कोवळे रेटिक्युलोसाईटच जास्त आवडतात, त्यामुळे रेटिकचा आकडाही तोच बिघडवतो. तेव्हा किमान चार ग्रुप लागतात. निरोगी माईस नुसत्या व्हेईकलवर (ज्यात औषध मिसळतात ते नुसतं द्रावण), निरोगी माईस औषधावर, टोचलेले माईस व्हेईकलवर आणि टोचलेले माईस औषधावर. औषधाचा शुद्ध परिणाम दुसऱ्या ग्रुपमध्येच दिसतो. शिवाय एक पॉझिटिव्ह कंट्रोल, रक्त फोडण्यासाठी फिनाईलहायड्राझिन चालतं, दोन-तीन जनावरंच पुरतात, आपल्या हाताला आणि स्टेनला हाईन्झ बॉडी दिसतात की नाही हे त्यावरूनच कळतं. टोचलेले माईस व्हेईकलवर किती दिवस ठेवायचे ते आधी ठरवा, वजन किती घसरलं, पीसीव्ही (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) किती उतरला की त्या जनावराला पुढे त्रास न देता वेदनेशिवाय मरण द्यायचं, हे इथिक्सच्या अर्जातच लिहा. जनावरांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीला आता सीसीएसईए म्हणतात, आधी सीपीसीएसईए होतं, अर्ज फॉर्म बी मध्ये, आणि कॉलेजच्या आयएईसीची, म्हणजे अॅनिमल इथिक्स कमिटीची, मंजुरी हातात येईपर्यंत एकही जनावर ऑर्डर करू नका.

डोस काढताना माणसाचा मिलिग्रॅम दर किलो जसाच्या तसा माईसला देऊ नका. शरीराच्या पृष्ठभागावरून हिशोब करायचा, माईससाठी 12.3 ने गुणायचं, रॅटसाठी 6.2 ने. म्हणजे प्रायमाक्वीन 0.25 असेल तर माईसला साधारण 3 आणि रॅटला दीड मिलिग्रॅम दर किलो. हा झाला खालचा डोस, विषारीपणा बघायचा तर त्याच्या वरचे दोन ग्रुप लागणार. 28 दिवसांची स्टडी असेल तर ओईसीडीच्या 407 नंबरच्या टेस्ट गाईडलाईनप्रमाणे दर ग्रुपला किमान 5 नर 5 मादी.

रक्त काढण्यावर जरा थांबते, कारण निम्मे रिपोर्ट इथेच खराब होतात. 25 ग्रॅमच्या माईसमध्ये सगळं मिळून रक्त पावणेदोन मिलिलीटरच्या आसपास, एका वेळी त्यातलं 10 टक्के म्हणजे 0.18 मिलिलीटर काढायचं आणि मग दोन आठवडे त्या जनावराला विश्रांती. 250 ग्रॅमच्या रॅटमध्ये सुमारे 16 मिलिलीटर, तिथे दीडपर्यंत मिळतं. एकाच माईसमधून आठवड्यात तीनदा भरपूर रक्त काढलं तर अॅनिमिया तुम्हीच केलेला असतो, आणि रेटिकही त्यामुळेच चढलेले असतात. दर वेळच्या दिवसासाठी वेगळे माईस ठेवा किंवा रॅट वापरा. जागा एकच ठेवा, शेपटी तर सगळ्यांची शेपटी, गालाची शीर तर सगळ्यांची गालाची, कारण पांढऱ्या पेशींचा आकडा जागेप्रमाणे बदलतो. वेळही एकच, सकाळी नऊ तर रोज नऊ. हाताळताना घाबरलेल्या जनावराचे लिम्फोसाईट उतरतात, तेव्हा आधीचे काही दिवस नुसतं हातात घेऊन सवय लावा, हे आमच्याकडे बरेच जण वेळेअभावी टाळतात आणि मग पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून औषधाला दोष देतात.

सीबीसीला ईडीटीए, म्हणजे रक्त साकळू न देणारं रसायन. माईससाठी छोटी मायक्रो ट्यूबच घ्या, मोठ्या ट्यूबमध्ये चार थेंब रक्त टाकलं तर ईडीटीए जास्त होतो, पेशी आकसतात आणि पीसीव्ही खोटाच कमी येतो. सुई बारीक आणि जोरात ओढलं तर सिरिंजमध्येच पेशी फुटतात, प्लाझ्मा गुलाबी येतो, आणि रक्त फोडणारं औषध तपासताना हा गुलाबीपणा कुठून आला तेच कळेनासं होतं. असं सॅम्पल बाद, वहीत लिहून ठेवा. फोंड्याहून किंवा मडगावहून पणजीकडे सॅम्पल न्यायचं असेल तर थंड पेटीत न्या पण बर्फाच्या पिशवीला ट्यूब थेट चिकटवू नका, मधे कापड घाला, गोठलं की सगळं फुटलंच. आणि स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) मात्र निघण्याआधी तिथेच करून ठेवायचे.

स्मिअरबद्दल गोव्यात राहणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की काचेवरचं रक्त लवकर वाळतच नाही, आणि सावकाश वाळलेल्या स्मिअरवर तांबड्या पेशीत चमकणारी भोकं पडतात, कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. नवशिक्याला वाटतं औषधाने पेशी खराब केल्या. फोकस किंचित वरखाली करून बघा, ते भोक आरशासारखं चमकतं, खरा बदल असा चमकत नाही. उपाय साधा आहे, स्मिअर काढला की लगेच छोट्या फॅनसमोर किंवा ड्रायरच्या थंड हवेत वाळवा. मिथेनॉलची बाटली उघडी ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फिक्सिंग करतानाच तीच भोकं पडतात, पावसाळ्यात छोट्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवा आणि रोज ताजी काढा. अॅनिमल हाऊसचंही तेच, लाईट जाऊन एसी बंद पडला की दमटपणा सत्तरच्या वर जातो, ओईसीडीला शक्यतो सत्तरच्या आत हवा असतो, तेव्हा तापमान आणि दमटपणाची नोंद रोज दोनदा, नुसती नावाला नको.

लिशमन किंवा गिम्सा स्टेनवर काय बघायचं. माईसचं रक्त माणसासारखं नसतं. थोड्या निळसर पेशी, अधूनमधून हॉवेल-जॉली बॉडी (पेशीत उरलेला न्यूक्लियसचा ठिपका), न्यूट्रोफिलचं अंगठीसारखं न्यूक्लियस, पांढऱ्या पेशींत सत्तर-ऐंशी टक्के लिम्फोसाईट, हे सगळं नॉर्मल. म्हणून कंट्रोलच्या स्लाईड आधी भरपूर बघा, डोळा तयार होऊ दे, मगच औषधाच्या ग्रुपकडे वळा. आणि कुठली स्लाईड कुठल्या ग्रुपची हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, मैत्रिणीला सांगून नंबर बदलून घ्या. न्यूक्लियस असलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर शंभर पांढऱ्या पेशींमागे किती ते मोजा आणि पांढऱ्या पेशींचा आकडा दुरुस्त करा, आलेल्या आकड्याला 100 ने गुणून 100 अधिक त्या पेशींनी भागायचं.

हाईन्झ बॉडी मात्र गिम्सावर दिसत नाहीत, हे कित्येकांना माहीत नसतं आणि ते दिसल्या नाहीत असं लिहून मोकळे होतात. त्यासाठी जिवंत पेशीवरचा स्टेन लागतो, मिथाईल व्हायोलेट किंवा न्यू मिथिलीन ब्लू. रक्त आणि स्टेन सारखं सारखं घेऊन 37 डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग स्मिअर. न्यू मिथिलीन ब्लूवर एकाच स्लाईडवर दोन्ही कामं होतात, रेटिक्युलोसाईटमध्ये निळी जाळी किंवा दाणे पसरलेले दिसतात, हाईन्झ बॉडी फिकट निळा गोल ठिपका पेशीच्या कडेला टेकलेला. हजार पेशी मोजा. रेटिकची नुसती टक्केवारी देऊ नका, एकूण तांबड्या पेशींनी गुणून खरा आकडा काढा. पेशी निम्म्या झाल्या तर मॅरोने बोटही न हलवता टक्केवारी दुप्पट होते.

मेटहिमोग्लोबिनला वेळ महत्त्वाची. माईसच्या पेशीत ते परत साधं करणारं एन्झाईम फार तडफदार, डोसनंतर थोड्या तासांत आकडा उतरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त काढलं तर काही मिळणार नाही. डोसच्या आधी, मग एक, दोन, चार, आठ तासांनी अशी एक छोटी पायलट करा आणि शिखर कुठे येतं ते शोधा. कुत्र्यांत हे एन्झाईम कमी, म्हणून तिथे ते जास्त चढतं आणि जास्त टिकतं. सॅम्पल थंड ठेवून तासाभरात मोजायचं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या सॅम्पलचा आकडा वापरू नका. पद्धत जुनी एव्हलिन-मॅलॉयची, 630 नॅनोमीटरला वाचायचं, सायनाईड घातलं की मेटहिमोग्लोबिनचं शोषण जातं, तो फरक म्हणजे उत्तर. सायनाईड आहे, तेव्हा फ्यूम हूड, ग्लोव्हज, कचरा वेगळा आणि अॅसिडच्या जवळपासही नाही, आणि हे काम एकट्याने करायचं नाही, गाईड किंवा लॅबचा जाणता माणूस शेजारी हवा. मशीनकडे जाण्याआधी एक सोपी खूण. पांढऱ्या फिल्टर पेपरवर कंट्रोलचा एक थेंब आणि औषधाचा एक थेंब शेजारी टाका. कंट्रोलचा थेंब हवेत लालभडक होतो, मेटहिमोग्लोबिन चढलेला थेंब चॉकलेटी तसाच राहतो. बघायला मिनिट लागतं आणि त्या दिवशीचं सॅम्पल घाईने मोजायचं की नाही ते कळतं.

हाईन्झ बॉडी भरपूर असल्या की आणखी एक फसवणूक होते. ड्रॅबकिनच्या द्रावणाने एचबी 540 नॅनोमीटरला मोजताना त्या विरघळत नाहीत, द्रावण गढूळ होतं आणि एचबी खोटं जास्त येतं, मग एमसीएचसी (तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा) न पटण्याएवढा वर जातो. असा एमसीएचसी दिसला की लाईसेट, म्हणजे पेशी फोडलेलं द्रावण, सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रावण परत वाचा. ऑटो अॅनालायझर वापरत असाल तर तो माईसच्या सेटिंगवरच हवा, माईसची तांबडी पेशी माणसाच्या जवळजवळ निम्म्या आकाराची, माणसाच्या सेटिंगवर मशीन प्लेटलेट आणि तांबड्या पेशीत गल्लत करतं. प्लेटलेट कमी आले तर आधी स्मिअरच्या शेपटाकडे गुठळ्या बघा, माईसच्या प्लेटलेट पटकन चिकटतात.

दिवस कसे ठरवायचे. रक्त फोडणाऱ्या औषधाला पहिल्या 24 ते 72 तासांत हाईन्झ बॉडी, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एचबी, पाचव्या ते आठव्या दिवशी रेटिक. मॅरो दाबणाऱ्याला उलट, रेटिक लवकर, पहिल्या आठवड्यातच, आणि एचबी नंतर, कारण माईसची पेशी चाळीसेक दिवस जगते, रॅटची साठेक, मॅरो बंद पडला तरी जुन्या पेशी काही दिवस आकडा सांभाळून धरतात. आणि औषध थांबवल्यावर निदान दोन आठवडे रिकव्हरीचा ग्रुप ठेवाच. कॅलेंडर समोर ठेवून डे झिरो ठरवा. चवथीच्या दिवसांत अर्धं कॉलेज गावच्या घरी असतं, अॅनिमल हाऊसला एखादाच अटेंडंट, आणि तुमचा सातवा दिवस नेमका त्यात आला तर तो दिवस गेलाच, आठव्या-नवव्याला काढून सातवा म्हणून लिहायचं नाही.

शेवटी जनावराला मरण दिल्यावर प्लीहेचं वजन घ्या, शरीराच्या वजनाच्या टक्क्यात. पण माईसची प्लीहा स्वतःही रक्त बनवते, त्यामुळे ती मोठी झाली म्हणजे पेशी मारतेच असं नाही, हिस्टॉलॉजीत लोहाचा साठा प्रशियन ब्लूवर बघा आणि एरिथ्रोब्लास्टचे पुंजकेही बघा. मॅरोचा स्मिअर मांडीच्या हाडातून, मायलॉइड-एरिथ्रॉइडचं, म्हणजे घडत्या पांढऱ्या आणि तांबड्या पेशींचं, प्रमाण काढा. लघवी गडद झाली का ते पिंजऱ्याखालच्या पांढऱ्या कागदावर रोज बघायचं.

निष्कर्ष लिहिताना मात्र हात आखडता घ्या. बाजारात मिळणाऱ्या रॅट-माईसमध्ये जी6पीडी व्यवस्थित असतं, त्यामुळे तुमच्या माईसला प्रायमाक्वीनने काही झालं नाही यावरून बांबोळीच्या वॉर्डातल्या जी6पीडी कमी असलेल्या पेशंटबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही, त्याची टेस्ट वेगळी करावीच लागते. त्या प्रश्नासाठी प्रतिकारशक्ती नसलेल्या माईसमध्ये जी6पीडी कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी चढवून मॉडेल बनवतात, ते आपल्या एम.फार्मच्या आवाक्यातलं नाही. तसंच आर्टेसुनेट इंजेक्शननंतर माणसांत एक ते तीन आठवड्यांनी रक्त उशिरा फुटतं. तिथे परजीवी काढून टाकून प्लीहेने परत सोडलेल्या पेशी अल्पायुषी असतात आणि त्या एकदमच संपतात. निरोगी जनावरात परजीवीच नाही तर हे दिसणार कुठून, आणि माईसच्या प्लीहेत माणसासारखे सायनसही (पेशींना अरुंद फटींतून जायला लावणाऱ्या रक्तवाहिन्या) नसतात. तेव्हा हे शोधायचं तर टोचून बरे केलेले रॅट तीन-चार आठवडे बघत राहावे लागतील.

थिसिसमध्ये प्रत्येक आकड्यासोबत रक्त कुठून काढलं, डोसनंतर किती तासांनी, किती वेळात मोजलं, कुठल्या मशीनच्या कुठल्या सेटिंगवर, बाद केलेली सॅम्पल किती आणि का, हे सगळं लिहा. स्लाईड टाकून देऊ नका, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा आणि जेलचा रंग बदलला की पावसाळाभर ते ओव्हनमध्ये सुकवत राहा, नाहीतर ऑगस्टपर्यंत सगळ्यांवर बुरशी येते आणि परीक्षकाने मागितल्यावर दाखवायला काही उरत नाही.